फ्लॉरेन्सची छत्री आणि कॅम्पातली ट्रंक

वाचकहो, परदेशी निघालेला माणूस माझ्या कॅम्पातल्या दवाखान्यात दोनच प्रश्न घेऊन येतो. पहिला प्रश्न, "डॉक्टर, काय काय न्यावं?" दुसरा प्रश्न तो तोंडाने विचारत नाही. उठता उठता, दाराशी थांबून, हळूच बायकोकडे पाहतो आणि म्हणतो, "तिकडे काही झालंच तर?" पहिल्या प्रश्नाला उत्तरे देणारे गल्लोगल्ली आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी मला आमच्या भागाचा इतिहास उघडावा लागला.

परमुलखाला जाताना शिदोरीची चिंता मराठी माणसाला किती जुनी आहे, पाहा. १७८१ साली रघुनाथरावांनी, म्हणजे आपल्या राघोबादादांनी, हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला दोन पारशांसोबत लंडनला धाडले. राजकारण जे व्हायचे ते झाले. मला त्यातली एकच गोष्ट आठवत राहते. एडमंड बर्क या मोठ्या संसदपटूने त्यांना आपल्या गावच्या घरी नेले आणि हणमंतरावांना आपला स्वयंपाक आपल्या हाताने, सोवळ्यात करता यावा म्हणून थंडीत झाडे ठेवायची काचेची खोली रिकामी करून दिली. तिकडच्या झाडांना ऊब देणाऱ्या जागेत कोकणस्थी की देशस्थी चूल पेटली, ते मला ठाऊक नाही. पण पेटली हे खरे. आज आमच्या सोसायटीतली मंडळी हॉटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक कुकर लावून धुराची घंटा वाजवतात, तेव्हा मला हणमंतराव दिसतात.

त्यानंतर सहा दशकांनी साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते गेले. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला गेलेला हा माणूस लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षे राहिला आणि १८५३ साली परतला. महाराज मध्येच वारले, दावा फेटाळला गेला, डोक्यावर कर्ज झाले. किती दिवस राहावे लागेल याचा अंदाज चुकला की काय होते, त्याचे एवढे मोठे उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही. पण त्यांची कहाणी स्वतंत्र व्याख्यानाची आहे. मला जायचे आहे निपाणीच्या पलीकडे, कोल्हापूरला, १८७० सालात.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. नावात घोटाळा नको. हे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, आणि शाहू महाराजांचे पुत्रही नव्हेत. हे मधले, दत्तक आलेले, १८५० साली जन्मलेले. इंग्रजी उत्तम, वाचनाची आवड, वय वीस. त्या काळी गादीवरच्या हिंदू राजाने समुद्र ओलांडणे ही लहान गोष्ट नव्हती. सुएझचा कालवा सुरू होऊन वर्षही पुरे झाले नव्हते. कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी आणि आपली माणसे बरोबर घेऊन महाराज निघाले, त्या उन्हाळ्यात इंग्लंडला पोहोचले, पार्लमेंट पाहिले, व्हिक्टोरिया राणीला भेटले. रोज रात्री इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती रोजनिशी वेस्टने १८७२ साली लंडनमध्ये छापली. म्हणजे ती छापली गेली तेव्हा लिहिणारा हयात नव्हता.

तयारी कमी होती असे कुणी म्हणू शकणार नाही. राज्याचा पैसा होता, सरकारचा पाठिंबा होता, सोबतीला जाणता अधिकारी होता. जे हातात नव्हते ते दोन: ऋतू आणि युद्ध. जुलैत फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले, सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. फ्रान्समधून खाली उतरायची सरळ वाट बंद. परतीचा प्रवास बेल्जियम, जर्मनी, आल्प्सचे डोंगर आणि मग इटली असा वळला, तोही नोव्हेंबरात. इन्सब्रुकला महाराजांची प्रकृती बिघडली. कसेबसे फ्लॉरेन्सपर्यंत आणले. तिथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते गेले. कोणत्या आजाराने, याबद्दल दीडशे वर्षांनी निदान करण्याचा मोह मी टाळतो. रोगी समोर नसताना औषध सांगू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले होते. पण पंचगंगेकाठच्या विशीतल्या देहाला हिवाळ्यातले आल्प्स काय करतात, हे सांगायला पदवी लागत नाही.

आता तो दुसरा प्रश्न पाहा, दाराशी थांबून विचारलेला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होती. पण प्रेताला अग्नी देण्याची रीत तिथे नव्हती. दहन करायचे तर खास परवानगी हवी. बरोबरच्या माणसांना भाषा येत नाही, रात्र थंडीची, आणि धर्माप्रमाणे नदीचा संगम हवा. परवानगी मिळाली. शहराच्या पश्चिमेला कासिने नावाचे मोठे उपवन आहे, त्याच्या टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर चिता रचली गेली. त्या लोकांनी ती रात्र कशी काढली असेल, हे आपण घरात बसून कल्पना करूनच जाणायचे.

१८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. आपल्याकडे समाधीवर असते तशीच, चार खांबांची, घुमटाची, खाली महाराजांचा अर्धपुतळा. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे नाव लक्षात ठेवा. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा याच मँटचे. आणि अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, ज्याला आज आपण सीपीआर म्हणतो, तेही त्याचेच. निपाणी-चिकोडीकडचा किती रोगी आजवर त्या दगडी कमानीखालून गेला असेल!

त्या हॉस्पिटलपाशी आपल्याला दुसरी व्यक्ती भेटते, जी तिथे कधी पोहोचलीच नाही. आनंदीबाई जोशी.

गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला. बदली होत होत कोल्हापूरला आले. बायकोला शिकवायचे, तेही अमेरिकेत, हा त्यांचा ध्यास. १८७८ साली त्यांनी तिथले अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याकरवी पत्र पाठवले, ते अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत जुने अंक चाळत बसल्या होत्या. त्यांच्या हाती ते लागले. (माझ्या दवाखान्यातले जुने दिवाळी अंक मी त्या दिवसापासून रद्दीत देत नाही.) त्यातून पत्रव्यवहार, त्यातून मावशी-भाचीचे नाते. परदेशी जाण्याच्या तयारीत मी पहिला मान याला देतो. ट्रंक भरण्याआधी तिकडे दार उघडणारे एक माणूस जोडणे. आनंदीबाईंनी ते तीन वर्षे आधी जोडले होते.

दुसरी तयारी त्यांनी इथल्या माणसांची केली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, अठरा वर्षेही पूर्ण न झालेली ही मुलगी इंग्रजीतून उभी राहून बोलली: मी का जाते, इथेच का शिकत नाही, आणि जशी जाते तशीच हिंदू म्हणून परत येईन. निंदा करणाऱ्यांना तोंडावर उत्तर देऊन ती ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा बरोबर नाही, सोबत मिशनरी बायका. ४ जूनला न्यूयॉर्क.

आणि तिसरी तयारी, शरीराची? इथे डॉक्टर म्हणून माझा जीव खालीवर होतो. निघण्याआधीच तिला सतत डोकेदुखी, अधूनमधून ताप, अशक्तपणा, धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, गुण आला नाही. तशातच गेली. फिलाडेल्फियाचा हिवाळा, शाकाहाराचा निश्चय, नऊवारीत पोटऱ्या उघड्या. थंडीसाठी तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली आणि नवऱ्याला ते पत्रातून कळवले. पायावर वारा लागू नये म्हणून केलेला बदल, त्याचाही खुलासा द्यावा लागला! ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक केली. नोव्हेंबरात ती मुंबईला उतरली ती क्षयाने खंगलेली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली. बाविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली, ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत आहे. म्हणजे कोल्हापूरच्या राजाची चिता आर्नोकाठी पेटली, आणि कोल्हापूरच्या हॉस्पिटलची डॉक्टर हडसनकाठी विसावली.

आता मी आपल्याला खरा प्रश्न विचारतो. १८८३ साली ती माझ्याकडे प्रकृती दाखवायला आली असती तर मी काय सांगितले असते? "बाई, सहा महिने थांबा. ताप का येतो ते पाहू." शास्त्राने तेच बरोबर. आणि ती थांबली असती तर बहुधा कायमचीच थांबली असती.

हे मी सहज बोलत नाही. काही वर्षांपूर्वी निपाणीकडच्या एक आजी माझ्याकडे येत. मुलगा अमेरिकेत, नातू झालेला. त्यांच्या छातीचे दुखणे मला माहीत होते; हृदयाच्या डॉक्टरांचे कागदही पाहिले होते. त्या डॉक्टरांनी "काळजी घेऊन जाऊ शकता" असे लिहिले होते. मी मात्र म्हणालो, "आजी, एवढा लांबचा प्रवास कशाला? तेच येतील की." त्यांनी माझे ऐकले. पोराला रजा मिळाली नाही. आठ महिन्यांनी आजी आपल्या घरी, आपल्या माजघरात, शांतपणे गेल्या. नातवाला फोनच्या काचेतच पाहिले. घरच्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, उलट "तुम्ही वेळीच थांबवलंत" म्हणाले. ते वाक्य मला अजून टोचते. मी त्यांच्या प्रकृतीला जपले की माझ्या नावाला, हे मला नीट सांगता येत नाही.

तेव्हापासून मी "जाऊ नका" हा शब्द फार कमी वापरतो. त्याऐवजी तयारी करायला बसतो, आणि ती तयारी मी आमच्या कॅम्पाकडून शिकलो.

वाचकहो, आपण बेळगावकर परदेशप्रवास म्हटला की राजे, बॅरिस्टर, साहित्यिक आठवतो. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डला गेले, आमच्या आरपीडी कॉलेजात शिकवून गेलेल्या पुलंनी पुढे 'अपूर्वाई' लिहिले, हे सगळे खरेच. पण या गावातून सर्वांत जास्त माणसे परमुलखाला गेली ती पुस्तके लिहिणारी नव्हती. ती मराठा लाईट इन्फन्ट्रीची होती. कॅम्पात सकाळी बिगुल ऐकत वाढलेल्या आम्हा मुलांना लोखंडी काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण, हे दृश्य पाठ होते. त्या ट्रंकेत काय असावे याची यादी वरून येई. एक वस्तू जास्त नाही, एक कमी नाही.

यादी चुकली की काय होते, तेही त्याच माणसांनी भोगले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, कूट गावच्या वेढ्यात, मराठा पलटणींचे जवान अडकले होते. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली, तरी बहुतेक हिंदी शिपायांनी फार उशिरापर्यंत घोड्याचे मांस तोंडाला लावले नाही. मग एक विलक्षण गोष्ट झाली, जी वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाली, कारण ते मैद्याचा पाव खात. आपल्या शिपायांना बेरीबेरी झाली नाही, कारण ते आट्याची रोटी खात. पण ताजी भाजी नाही, मांस नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाली. एकाच खंदकात, एकाच उपाशीपणात, ज्याच्या त्याच्या शिदोरीप्रमाणे ज्याचा त्याचा रोग. जैन असल्याने मी अन्नाच्या नियमांना हलके लेखत नाही. पण नियम पाळायचा तर त्याची भरपाई आधी बांधून न्यावी लागते, हे मला कूटने शिकवले. जमिनीखालचे आम्ही खात नाही, तर काय खातो ते आधी ठरवून, भरून न्यावे. (युरोपात उन्हाळ्यात सूर्य रात्री नऊला मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवायचे आमचे व्रत तिकडे फार सोपे जाते. डिसेंबरात गेलात तर दुपारी चारलाच ताट मांडा!)

दुसऱ्या महायुद्धात हीच पलटण इटलीत लढली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशिनगनचा मोर्चा जिंकला आणि तिथेच ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाणी ओलांडले. त्यांनाही तोच मान. आणि १९४४ च्या उन्हाळ्यातच फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेगुफोनी नावाच्या गढीत मराठा जवान शिरले, तेव्हा तिथे फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातली चित्रे लपवलेली सापडली. बोत्तिचेल्लीचे 'वसंत' हे जगप्रसिद्ध चित्र त्यांत होते. कोकण-घाटावरच्या पोरांनी त्या चित्रांवर पहारा दिला. आज त्या चित्रासमोर रांगेत उभे राहायला आपण महिनाभर आधी तिकीट काढतो.

ही जोडणी ध्यानात आल्यावर मला स्वस्थ बसवेना. आम्ही दोघे एका प्रवासी कंपनीच्या सहलीत इटलीला गेलो. निघताना किल्ल्यातल्या कमल बस्तीत दर्शन घेतले, आणि मी, तयारीवर इतरांना प्रवचने देणारा, पहिलीच चूक केली. माझ्या रक्तदाबाच्या आणि हिच्या थायरॉइडच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या. बॅग आमच्याबरोबर उतरली नाही, दोन दिवसांनी आली. परक्या शहरात औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठीशिवाय काही दिले नाही, आणि चिठ्ठीही बॅगेतच! शेवटी आमच्यातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी, त्यांचीही रक्तदाबाची तीच गोळी म्हणून, मला दोन दिल्या. हिने दोन दिवस डोके धरून काढले आणि एकही शब्द बोलली नाही, हेच जास्त बोचले.

तेव्हा आता दवाखान्यात मी सांगतो ते असे. रोजची औषधे हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, परत येण्याच्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्त. इन्सुलिन तर कधीच खालच्या सामानात नाही. तिथे ते गोठू शकते. डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह, कारण आपल्या कंपनीचे नाव तिकडे कुणाला कळत नाही. आमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या बाटल्यांवरही नाव लिहा, बिननावाची पांढरी पूड विमानतळावर कुणालाही आवडत नाही. आखाती देशांत जाताना खसखस घालून केलेले काहीही नेऊ नका, तिथे तो अमली पदार्थाचा गुन्हा आहे. आमच्या एका ओळखीच्या बाईंच्या अनारशांचा डबा मी स्वतः बॅगेतून काढायला लावला. ऑस्ट्रेलियात चिवडा नेला तर फॉर्मवर "आहे" म्हणून लिहा, लपवू नका. विमानातले जैन जेवण निदान एक दिवस आधी नोंदवा.

आणि विमा. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, म्हणून लोक तो काढतात आणि कागद न वाचता घडी घालतात. त्यात मृत्यू आल्यास देह परत आणण्याची तरतूद असते. मी ती ओळ रोग्याला मोठ्याने वाचायला लावतो. काहींना राग येतो, अशुभ वाटते. मग मी त्यांना राजाराम महाराजांची गोष्ट सांगतो: त्या रात्री संगम शोधत फिरणाऱ्या माणसांची. त्यानंतर नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात, आणि जे बोलायचे राहिलेले असते ते बहुधा माझ्या समोरच बोलून टाकतात. कुणाला कळवायचे, दागिने कुठे आहेत, तिकडेच अग्नी दिला तर चालेल का. पाच मिनिटांचे काम.

फ्लॉरेन्सला आमच्या सहलीच्या बसला कासिनेच्या टोकाला जायला वेळ नव्हता. "तिकडे काही नाही," असे मार्गदर्शक म्हणाला. मोकळ्या दुपारी आम्ही दोघे स्टेशनपासून ट्रामने उपवनापर्यंत गेलो आणि पुढे नदीकाठाने चालत राहिलो. तीन किलोमीटर तरी असेल. दुतर्फा मोठी झाडे, सायकली, पळणारी मुले. शेवटी झाडी विरळ झाली आणि ती दिसली. रंकाळ्याकाठी शोभावी अशी छत्री, परक्या आभाळाखाली. खाली रंगीत फेटा बांधलेला कोवळा चेहरा. चौथऱ्यावर चार भाषांत मजकूर. पलीकडे मोटारींचा पूल आहे, त्यालाही लोक 'इंदियानो'चा पूल म्हणतात. दोन नद्या मिळतात ती जागा मला आमच्या प्रयाग चिखलीची आठवण देणारी वाटली.

हिने पिशवीतून दशम्या आणि शेंगाचटणी काढली. इतक्या दिवसांनीही दशमी मऊ होती. दुधात भिजवलेल्या कणकेचे ते गुण. आम्ही बाकावर बसून खाल्ले. कुत्रा घेऊन फिरणारे एक म्हातारे गृहस्थ थांबले. त्यांना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. त्यांनी आधी छत्रीकडे बोट केले, मग आमच्याकडे, आणि विचारल्यासारखे म्हणाले, "इंदियानो?"

मी मान डोलावली. हिने त्यांना अर्धी दशमी दिली. त्यांनी ती आधी हुंगली, मग चटणीला लावली, आणि तिखट लागल्याबरोबर खिशातला रुमाल काढून डोळे पुसत हसू लागले.